सोपा ट्रेक म्हणजे किती सोपा? (डिसेंबर, गुडघेवाली आई आणि नऊ वर्षांचा मुलगा)

डोंबिवलीकरीण | १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या जानेवारीत एका ग्रुपबरोबर आम्ही तिघं (मी, नवरा, चिरंजीव) एका किल्ल्यावर गेलो होतो. जाहिरातीत 'फॅमिली ट्रेक, सोपा' असं होतं. चढताना खरंच सोपा वाटला. उतरताना मात्र वाळलेलं गवत आणि खाली बारीक मुरूम, पाय ठेवला की सरकतोय. सत्तर माणसं आणि दोन लीडर, दोघंही पुढे. मी जवळजवळ अर्धा डोंगर बसून उतरले. पॅन्ट तिथेच निकालात निघाली. पायथ्याला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख आणि एका मोबाइलच्या उजेडात अकरा जण.

आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दादा-वहिनी येताहेत आणि आईनेही 'मी येणार' म्हणून जाहीर केलंय. आई ६६, उजवा गुडघा कुरकुरतो. वर 'मला खाली गाडीत बसवून तुम्ही मजा करायची नाही' अशी अट आहे. डोंबिवलीहून जाऊन येण्यासारखं किंवा फार तर एक मुक्काम. तंबू नको.

तर जाणकारांनो, खरंच सोपं असं काय आहे?

ठाणेकर_भटक्या | १४ नोव्हेंबर

ताई, बिनधास्त कळसूबाई करा! १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, लेकराला आयुष्यभर सांगायला होईल. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, वाटेत सरबत-भजीची दुकानं आहेत, चुकायचा प्रश्नच नाही. वर देवीचं दर्शन. आमच्या सोसायटीतल्या साठीच्या काकू गेल्या होत्या.

कातळखोबणी | १४ नोव्हेंबर

@ठाणेकर, हलके घ्या, पण हाच तो 'सोपा', ज्यामुळे ताईंची पॅन्ट गेली.

कळसूबाईला तांत्रिक अवघड काही नाही हे मान्य. पण बारी गावापासून पाऊण किलोमीटरहून जास्त उभा चढ आहे आणि तेवढाच उतार. दगडी पायऱ्या, शिड्या, पुन्हा पायऱ्या. नाताळच्या सुट्टीत शिड्यांना रांग लागते आणि आईंना तिथे उभं राहावं लागेल ते वेगळंच.

आपल्याकडे सोपा-अवघड ठरवतात तो चढावरून. 'किती वेळात वर?' एवढंच विचारतात. हिवाळ्यात प्रश्न उलटा विचारायला हवा. पावसाळ्यात शेवाळ असतं ते दिसतं तरी, माणूस जपून पाय टाकतो. नोव्हेंबरपासून माती सुटते, गवत वाळून वाटेवर आडवं पडतं, त्याखाली घसारा, म्हणजे सुटी माती आणि बारीक खडे. चढताना तो जाणवत नाही, कारण वजन पुढे असतं. उतरताना तोच बॉलबेअरिंगसारखा फिरतो. तेव्हा यादी करताना 'उतरायचं कुठून आणि कशावरून' हे आधी बघा. किल्ल्याची उंची नंतर.

मृदगंधा | १५ नोव्हेंबर

कातळखोबणी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट. चढताना दम लागतो, गुडघा दुखतो उतरताना. मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक मारत असतात आणि तो सगळा भार वाटीच्या सांध्यावर येतो. आईंना आजपासून रोज खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठ-बस करायला लावा, दुखणार नाही इतपतच. जिना असेल तर उतरायची सवय करा, लिफ्टने वर आणि पायी खाली. सगळे नेमकं उलट करतात.

काठ्या दोन घ्या, एक नको. उतरताना थोड्या लांब करायच्या, म्हणजे काठी आधी टेकते, पाय मागून. आणि गुडघा आधीपासून सुजलेला असेल तर हे काही न ऐकता आधी डॉक्टरांना दाखवा.

पेठेतला_पेंडसे | १५ नोव्हेंबर

सिंहगड. आतकरवाडीहून पायी वर, दीडेक तास, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, खाली यायला शेअर जीप. गुडघ्याचा प्रश्नच मिटला. पुण्याबाहेर ट्रेक करायची गरजच काय ते मला अजून कळलेलं नाही.

ठाणेकर_भटक्या | १५ नोव्हेंबर

@पेंडसे, दही दोन ते चार बंद असतं का हो?

पेठेतला_पेंडसे | १५ नोव्हेंबर

दही चालू असतं. प्रतिसाद देणारे विश्रांती घेतात.

कातळखोबणी | १५ नोव्हेंबर

विनोद सोडा, पेंडशांनी मुद्द्याचं सांगितलंय. पायी चढायचं आणि वाहनाने उतरायचं. अशा जागा आपल्याकडे चार-दोन तरी आहेत. सविस्तर रात्री लिहितो.

नेरळची_लोकल | १५ नोव्हेंबर

तुम्हाला सगळ्यात जवळ माथेरान पडेल. दस्तुरीच्या पुढे गाड्यांना बंदी, तांबड्या मातीची सपाट वाट, डोक्यावर झाडी. दस्तुरीपासून मिनी ट्रेनची शटल मिळाली तर मिळाली, नाहीतर ई-रिक्षा आहेत. आई दमल्या की बसतील. आम्ही दर डिसेंबरात एक फेरी करतो. पहाटे पॅनोरमा पॉइंट, परतताना शार्लोट लेक. सात-आठ किलोमीटर चालणं होतं आणि चढ-उतार म्हणाल तर घरच्या जिन्याइतके.

तोटे: घोड्यांची लीद, माकडं (हातात पिशवी धरू नका, सॅकमध्ये टाका) आणि नाताळात खोल्यांचे दर. पांढरे बूट घालून जाऊ नका. ते तांबडेच होऊन येतात आणि तसेच राहतात.

डोंबिवलीकरीण | १५ नोव्हेंबर

आईला माथेरान सुचवलं. उत्तर आलं, 'तिथे मी हनिमूनला गेले होते, ते डोंगर चढणं नव्हे.' :)

कातळखोबणी | १५ नोव्हेंबर, रात्री

बरं, आता माझी यादी. सगळ्या ठिकाणी एकदा तरी कोणा ना कोणा वयस्कराला घेऊन गेलोय.

कोरीगड. पहिली पसंती. लोणावळ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, पायथ्याला पेठ शहापूर. तासाभरात वर. सुरुवातीला झाडीतली वाट, मग दरवाजापर्यंत बांधीव पायऱ्या, वाटेत कातळात खोदलेल्या गुहा आणि गणपती. म्हणजे घसारा जवळजवळ नाहीच. माथा ताटासारखा सपाट. तटबंदी बरीचशी शाबूत आहे, तिच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारता येते. दोन तळी, कोराईदेवीचं देऊळ, तोफा. लहान मुलाला पळायला मैदान आणि आईंना बसायला देवळाचा ओटा. फक्त वर सावली नाही. डिसेंबरातलं ऊन गोड वाटतं आणि संध्याकाळी नाक सोलून निघतं.

लोहगड. पायऱ्या थेट लोहगडवाडीपासून. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, एकामागोमाग एक असे वळत जाणारे चार दरवाजे. वर येणाऱ्यावर प्रत्येक वळणाला वरून मारा करता यावा म्हणून केलेली ती रचना मुलाला दाखवा, शाळेच्या पुस्तकापेक्षा पटकन कळते. विंचूकाट्यावर (गडाची पुढे आलेली चिंचोळी सोंड) उतरायला कातळाचा छोटा टप्पा आहे, तो आईंनी सोडावा, वरूनच छान दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले त्यात हा आहे, तेव्हा आधीच असलेली गर्दी आता विचारू नका. रविवार टाळा. लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी बघत चालत जाता येतं, पण मग चाल दुप्पट.

राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी, साधारण १५ किलोमीटर. चढ नावालाच, पण अंतर आहे. हिवाळ्यात जीप जाते. निम्मं चालून निम्मं गाडीने करता येईल. उधेवाडीत घरगुती जेवण-मुक्काम. वरच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांतला मनरंजन आईंना झेपेल. उदयसागर तलावाकाठचं गोधनेश्वराचं देऊळ चुकवू नका. कर्जतच्या बाजूला कोंढाण्याकडे मात्र चुकूनही उतरू नका, तो गुडघ्यांचा कत्तलखाना आहे.

तिकोना मुद्दाम यादीत घेत नाही. सगळे सोपा म्हणतात, पण शेवटच्या पायऱ्या इतक्या उभ्या आणि उंच आहेत की उतरताना लोक तोंड कातळाकडे करून येतात.

वासोटा पुढच्या वर्षी करा. बामणोलीहून शिवसागरातून (कोयना धरणाचा जलाशय) बोटीने पलीकडे, वन खात्याची परवानगी, आणि चढाचा बहुतेक भाग दाट जंगलाच्या सावलीत. हिवाळ्यात त्याच्यासारखी वाट नाही. पण बोट संध्याकाळच्या आत परतायला हवी, मुक्काम नाही, म्हणजे मनासारखं रमतगमत चालता येत नाही. आईंच्या मागे घड्याळ लावू नये.

हिमालयवेडी | १६ नोव्हेंबर

सगळे सह्याद्रीच सांगताहेत. डिसेंबरात केदारकंठा करा, बर्फ मिळेल! सांकरीहून चालू होतो, नवशिक्यांसाठीच आहे.

मृदगंधा | १६ नोव्हेंबर

३८०० मीटर, उणे तापमान आणि ६६ वर्षांचा कुरकुरता गुडघा. नको.

शिवनेरीच्या_पायथ्याचा | १६ नोव्हेंबर

मी जुन्नरकडचा. चढायचं पायी आणि उतरायचं गाडीनं, यात नाणेघाटाचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं.

कल्याण-मुरबाड-टोकावडे करत माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे लागतं. तिथनं थोडं पुढं घाटाची वाट चालू होते. पहिला पाऊण तास झाडीतनं निवांत, मग फरसबंदी चढण. चालणारे अडीच-तीन तासांत वर. गाडी मात्र माळशेज चढून जुन्नरवरनं घाटघरला आणायची, ती थेट घाटाच्या डोक्यावर येते. मग ताई, तुमच्या आईंना गाडीतच बसवा की! त्या वर येऊन थांबतील, तुम्ही खालनं या. गुहा घाटाच्या तोंडापासनं थोड्याच पायऱ्या खाली आहे, तेवढ्या त्या उतरतील.

ही वाट सातवाहनांच्या वेळेपासनंची. कोकणातल्या बंदरांवरनं माल जुन्नरला यायचा तो हितनंच. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञात कुणाला किती गाई, किती कार्षापण (त्या वेळची नाणी) दिले ते आकड्यानिशी कोरलंय. हे आकडे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे म्हणतात.

आता जरा मनातलं. आमच्याकडं जेवायचं असंल तर आदल्या दिवशी फोन करा. माणसं दुपारी दोनला येतात, पंधरा ताटं सांगतात आणि पिठलं-भाकरी दीडशेला म्हटलं की 'शहरात थाळी मिळते एवढ्यात' म्हणतात. अहो, पाणी खालच्या टाक्यावरनं डोक्यावर आणलेलं असतं, भाकरी चुलीवर एकेक थापायची असते. गेल्या वर्षी वीस ताटं सांगून एक ग्रुप आलाच नाही. माझ्या चुलतीनं त्या भाकऱ्या दोन दिवस गुरांना घातल्या.

डोंबिवलीकरीण | १६ नोव्हेंबर

आई वर थांबेल आणि आम्ही खालून येऊ! हे सुचलंच नव्हतं. दादाला गाडी चालवायला आवडते, चालायला नाही. म्हणजे सगळ्यांचीच सोय. चुलतीबाईंचं वाचून वाईट वाटलं. त्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आम्ही सहा जण नक्की येऊ.

वऱ्हाडी_ठेचा | १७ नोव्हेंबर

थोडं अवांतर. आम्हा विदर्भातल्यांनी हा धागा वाचून फक्त उसासे टाकायचे का? चिखलदऱ्याला या न एकदा. हजार मीटरच्या वर, डिसेंबरात सकाळी गवतावर दव गोठल्यासारखं. गावातून गाविलगडापर्यंत चढ जवळपास नाहीच, किल्ला आपल्या पातळीवर आणि दरी खाली. मेळघाटाचं जंगल आहे, तेव्हा वन खात्याच्या वेळा पाळाव्या लागतात. कोणी विचारत नाही म्हणून शांत आहे, तसंच राहू द्या खरं तर. हा प्रतिसाद विसरा.

घाटवाट_७८ | १७ नोव्हेंबर

दोन गोष्टी कुणी बोललं नाही.

पहिली, आग्या मोहोळ. कड्यांना, लेण्यांच्या छताला पोळी लटकलेली असतात. कर्णाळ्याचा सुळका तर त्यासाठी प्रसिद्धच. डिओ-परफ्यूम मारून जाऊ नका, धूर करू नका, पोळ्याखाली आरडाओरडा नको, आणि मुलाला दगड मारायची हुक्की आली तर आधीच सांगून ठेवा. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, डोकं-तोंड जे मिळेल त्याने झाकून तिथून लांब निघा. सगळ्यांच्या सॅकमध्ये एक जुनी ओढणी असावी, ऊन लागलं तरी कामाला येते. बरेच दंश झाले किंवा श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना.

दुसरी, सूर्य. लोक समजतात २२ डिसेंबरला सगळ्यात लवकर मावळतो. आपल्या अक्षांशावर सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या सुमारास. सकाळी सर्वात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या आसपास. त्यात डोंगराच्या पूर्व अंगाला साडेचारलाच सावली येते. ताईंचा अंधार त्यातलाच असणार. उलट नाणेघाटासारख्या कोकणातून चढणाऱ्या वाटा पश्चिमेकडे तोंड करून, तिथे सकाळी उशिरापर्यंत सावली. सातला निघालात तर अर्ध्याहून जास्त चढ उन्हाशिवाय होईल.

सॅकमधली_चिक्की | १७ नोव्हेंबर

तिसरी गोष्ट माझी: कुसळं!! सुती मोजे घालू नका. कुसळी गवताचं ते भालं मोज्यात घुसलं की घामाने ओलं होऊन त्याच्या शेपटाचा पीळ सुटतो, ते स्वतःभोवती फिरतं आणि स्क्रूसारखं आत जातं. निसर्गाने त्याला मातीत बी पेरायला दिलेली करामत आपल्या घोट्यावर चालते. गुळगुळीत नायलॉनची ट्रॅकपॅन्ट बुटावरून घ्या आणि सेफ्टी पिन जवळ ठेवा, बोटांनी ते निघत नाही.

मी_नुसता_वाचतो | २२ नोव्हेंबर

वाचनखूण साठवली. +१ सगळ्यांना.

डोंबिवलीकरीण | २९ डिसेंबर

मंडळी, करून आलो! वृत्तांत देणं भाग आहे.

साडेसातला वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो. आम्ही तिघं आणि वहिनी. दादा आणि आई गाडीने पुढे. आई काच खाली करून 'सावकाश या गं, मी आहे वर' असं म्हणाली, जणू आम्हीच साठीचे.

घाटवाट, तुमची सावली अगदी खरी निघाली. साडेदहापर्यंत डोक्यावर ऊन नव्हतं. झाडीतली वाट संपल्यावर दगडी चढण लागली, तिथले दगड मधोमध झिजून खोलगट झालेत. चिरंजीवांनी विचारलं, 'हे कुणी घासले?' बैलांच्या खुरांनी, माणसांच्या पायांनी की पावसाने, मला काय माहीत. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून. मग तो प्रत्येक खळग्यात पाय ठेवत चढला, त्यामुळे वेळ जास्त लागला पण तक्रार एकही नाही. वहिनीचा दम दोनदा गेला. नवऱ्याने नेहमीप्रमाणे 'हे काय, आलंच' असं आठ वेळा सांगितलं.

वर नळीच्या (घाटमाथ्याजवळची अरुंद खिंड) तोंडाशी पोचतोय तोवर वरून हाक. आई! गुहेपर्यंतच्या पायऱ्या ती दादाचा हात धरून उतरली होती आणि चक्क गुहेतल्या ओट्यावर चपला काढून बसली होती. लेखातलं अक्षरही आम्हाला कळत नव्हतं, पण 'एका बाईने एवढं लिहवून ठेवलंय' याचं तिला फार कौतुक. आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत होती. दोन कॉलेजची मुलं तिला गाईड समजून प्रश्न विचारायला लागली, तिनेही सोडलं नाही.

पायऱ्या परत चढताना तिला काही झालं नाही. मृदगंधाताई, खुर्चीचा व्यायाम तिने रोज केला, आणि बिल्डिंगमधल्या तिघींनाही लावला.

जेवण चुलतीबाईंकडे. फोन आधी केला होता, वेळेवर पोचलो, सहाच्या सहा ताटं संपली. बाजरीची भाकरी, पिठलं, लसणीचा ठेचा, आणि ताटात न मागता आलेली वालाची उसळ. आईने रेसिपी लिहून घेतली, चुलतीबाईंनी आईच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. निघताना दोघी एकमेकींना 'पुढच्या वर्षी' म्हणत होत्या, आम्हाला कोणी विचारलं नाही.

रात्री जुन्नरला मुक्काम केला. सकाळी लेण्याद्रीच्या पायऱ्यांची संख्या ऐकून आईने खालूनच नमस्कार केला.

@सॅकमधली_चिक्की, नायलॉनची पॅन्ट सगळ्यांना घातली, मोजे मात्र चिरंजीवांनी शाळेचे सुती घातले, मला न सांगता. घाटघरला गाडीच्या डिकीवर बसवून आईने पिनेने कुसळं काढली. एकोणीस. तो मोठ्याने मोजत होता.

ठाणेकर_भटक्या | २९ डिसेंबर

झकास! फोटो टाका. दादांना गाडी वर आणायला किती वेळ लागला पण? आम्ही पण असंच करावं म्हणतोय.

डोंबिवलीकरीण | २९ डिसेंबर

तीन तास. त्यातला पाऊण तास जुन्नरला मिसळ खाण्यात गेला, हे आईने आम्हाला रात्री सांगितलं. दादा अजून 'रस्ता खराब होता' म्हणतोय.

शिवनेरीच्या_पायथ्याचा | ३० डिसेंबर

रस्ता चांगला आहे. मिसळ कुठं खाल्ली?